शॉक गेला म्हणून गाडी टाकायची?

आज म्हापशात रिमोटवरच्या खेळण्यातल्या गाडीचा शॉक, म्हणजे धक्के झेलणारा शॉक अॅब्सॉर्बर, मागायला गेले, तर एका दुकानदाराने मला सांगितलं, "मॅडम, शॉक सुटा येत नाही. नवीन गाडीच घ्या." त्याच्यापुरता विषय तिथेच संपला. माझं डोकं डिचोलीला पोचेपर्यंत तापलेलं होतं, अजून आहे, म्हणून लिहितेय.

गाडी म्हणजे रिमोटवरचा ट्रक, एकास दहा मापाचा, म्हणजे खऱ्याच्या दहाव्या भागाएवढा. भाऊ बोटीवर असतो, मागच्या सुट्टीत त्याने स्वतःच्या लेकासाठी आणला. चांगला दणकट आहे. कापणी झाली की घरामागच्या शेतात पोरं तो मेरेवरून, म्हणजे बांधावरून, उडवतात. अशाच एका उडीत पुढच्या उजव्या शॉकचा दांडा वाकला. मोटर ठीक, बॅटरी ठीक, गिअर ठीक, चारही चाकं ठीक. बोटभर लांबीचा एक तुकडा गेला, तर अख्खी गाडी नवीन घ्या? आणि हे सांगताना त्या माणसाने शॉक हातात घेऊन बघितलासुद्धा नाही. मी डबा उघडून पुढे धरला होता.

काल रात्री मी तो शॉक खोलला. आत सिलिकॉन ऑईल असतं, पाण्यासारखं स्वच्छ. आमचं बाहेर आलं ते गढूळ, तांबडं. खाणपट्ट्यातली धूळ ती, दांड्याला चिकटून ओ-रिंगमधून, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कडीतून, आत शिरते आणि रिंगच खाते. मग तेल झिरपतं, पिस्टनला अडवायला काही उरत नाही आणि गाडी नुसती स्प्रिंगवर उड्या मारते. म्हणजे दांडा वाकला नसता तरी हा शॉक फार दिवस काढणार नव्हता. आपल्याकडे, या मातीत, शॉक ही झिजणारीच वस्तू आहे. ब्रेक शूसारखी. झिजणारी वस्तू सुटी विकणार नसाल तर गाडी तरी का विकता?

दुकानात उभ्या असलेल्या एका गिऱ्हाइकाने वर सल्ला दिला, "थोडं इंजिन ऑईल घाला आत, चालतं." नाही चालत हो! खनिज तेलाने सिलिकॉनच्या रिंगा फुगतात, मग दांडा अडकायला लागतो. सिलिकॉन ऑईल वापरतात तेच मुळी उन्हात तापलं तरी फारसं पातळ होत नाही म्हणून. पण सांगणार कोणाला?

आमच्या बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. छर्रे सुटे मिळायचे, कॉटर पिन सुटी, स्पोक तर लांबी सांगून एकेक मिळायचा. एक स्पोक तुटला म्हणून नवीन सायकल घे, असं बाबा कोणाला म्हणाले असते तर गिऱ्हाईक परत दुकानाची पायरी चढलं नसतं. आज तेच वाक्य मला काउंटरवर किती सहज ऐकवलं गेलं, आणि आजूबाजूच्या कोणालाही ते खटकलं नाही, याचा मला जास्त राग आहे.

मान्य, प्रत्येक गाडीचा प्रत्येक स्क्रू म्हापशातल्या दुकानाने भरून ठेवावा, असं होणार नाही. पण बनवणाऱ्याला जमतं, हे दिसतंय ना! टॅमिया या जपानी कंपनीची हॉर्नेट ही रिमोटवरची गाडी १९८४ची, ती पुन्हा बाजारात आली आणि तिचे भाग आजही शोधले तर मिळतात. ट्रॅक्सस कंपनीच्या स्लॅश या रिमोटवरच्या ट्रकच्या प्रत्येक पुर्ज्याला नंबर आहे, आकृतीत बोट ठेवायचं आणि नंबर मागायचा. आमच्या ट्रकच्या खोक्यावर नंबर नाही, आकृती नाही, काही नाही. फक्त उडी मारणाऱ्या गाडीचा मोठा फोटो.

त्यात आयातशुल्क. खेळण्यांवरचं २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झालं, २०२३ मध्ये ७०. देशी कारखान्यांचं भलं होत असेल, होऊ दे. पण मग देशी शॉक तरी कोणीतरी बनवा! ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. त्यात मोबाईल आहेत, वाहनं आहेत, घरातली उपकरणं आहेत, शेतीची अवजारं आहेत. पोरांच्या वस्तूंचं नाव नाही. दुरुस्तीची सवय लागते ती पोरवयातच ना?

लिहिता लिहिता थोडी शांत झालेय, तर एक गोष्ट सांगायलाच हवी. त्या दुकानदाराने मी निघताना हाक मारली, ड्रॉवर उपसून दोन ओ-रिंगा शोधून दिल्या आणि पैसे घेतले नाहीत. "ह्या बसतात काय बघा," म्हणाला. बसल्या. माणूस वाईट नाही. त्याला वरून मालच तसा येतो, गाडी येते आणि तिच्यामागून काही येत नाही. माझं भांडण त्याच्याशी नाहीच.

पण वाकलेल्या दांड्याला ओ-रिंग काय करणार? भाच्याने सगळे स्क्रू, स्प्रिंग, टोपण त्या डब्यात नीट जपून ठेवलंय. एक वॉशरही हरवलेला नाही. मी घरी आले तेव्हा विचारतो, "बाबा यायच्या आधी होईल ना गं आत्या?" याला मी नवीन घे म्हणून सांगू?

तर आता कामाचं. "ऑनलाईन बघ" एवढं लिहू नका, बघून झालंय. तिथे "सगळ्या एकास दहा ट्रकला बसेल" असं लिहितात आणि लांबीच देत नाहीत. शॉक जास्त लांब झाला तर चाक इतकं खाली लोंबतं की ड्राइव्हशाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, त्याच्या कपातून निसटतो. आखूड झाला तर गाडी पोटावर घासते. म्हणून मापं लिहून घ्या, बाबांच्या व्हर्नियरने घेतलीत. पूर्ण ताणलेला असताना भोकाच्या मध्यापासून भोकाच्या मध्यापर्यंत १०० मिलीमीटर, पूर्ण दाबल्यावर ७२. दांडा ३ मिलीमीटर जाडीचा, स्क्रू एम-थ्री, म्हणजे तोही ३ मिलीमीटरचा. पुढची जोडीच हवी आहे, एका बाजूला जुना आणि दुसऱ्या बाजूला नवा लावला तर गाडी एकीकडे झुकते. प्लास्टिकचे असले तरी चालतील, पण तेल भरता येणारे हवेत, नुसत्या स्प्रिंगवाले नकोत.

कोणाच्या माळ्यावर अशी बंद पडलेली गाडी असेल, कोणी बंगळुरूहून किंवा दुबईहून येणार असेल, तर इनबॉक्समध्ये फोटो टाका, शेजारी पट्टी ठेवून. साखळी, म्हापसा, पणजी, फोंडा, कुठेही येऊन घेऊन जाईन.