चार वर्षांच्या लेकराला खेळू द्या की हो!

चार वर्षांच्या पोरीबद्दल "खेळात फार लक्ष आहे" ही तक्रार असू शकते? काल पालकसभेत ऐकून आलोय आणि अजून डोकं ठिकाणावर नाही.

लेक ज्युनियर केजीत. बाईंनी वही पुढे केली. दुरेघीत 'अ' रेघेबाहेर गेला, त्याला लाल गोल. पुढच्या पानावर आणखी लाल गोल. पानाच्या शेवटी शेरा: "लेखनात मागे. खेळात लक्ष जास्त." मी विचारलं, खेळते म्हणजे नेमकं काय करते? म्हणाल्या, "वाळूच्या हौदात घर मांडते. एकाला गॅस सिलिंडरवाला करते, एकीला सासू करते, स्वतः पर्स अडकवून बँकेत जाते. दगड म्हणजे सिलिंडर. हाक मारली तरी उठत नाही." आणि हे सगळं तक्रारीच्या सुरात!

अहो बाई, तुम्ही माझ्या पोरीचं कौतुक सांगत होता, तुम्हाला कळलंच नाही! मूल काठीचा घोडा करतं तेव्हा ते समोर नसलेली वस्तू मनात धरायला शिकत असतं, हे वायगॉट्स्की नावाचा रशियन मानसशास्त्रज्ञ १९३३ सालीच सांगून गेलाय. दगडाला सिलिंडर मानणं ज्याला जमलं, त्याला उद्या कागदावरची खूण म्हणजे अमुक आवाज हेही जमणार. वाचन-लेखनाची तयारी त्या हौदातच चाललीय! सासू झालेल्या पोरीला मध्येच भोकाड पसरता येत नाही, कारण सासू तशी रडत नाही. ती स्वतःला आवरते. सिलिंडरवाल्याला आपली पाळी येईपर्यंत थांबावं लागतं. भांडण झालं तर मिटवावं लागतं, नाहीतर खेळ मोडतो. "मुलं वर्गात शांत बसत नाहीत, ऐकत नाहीत" म्हणून त्याच सभेत अर्धा तास भाषण झालं. ऐकणं, थांबणं जिथं शिकतात ती जागा तुम्हीच बंद करताय!

हो, बंद. पुढची सूचना तीच होती. सोमवारपासून मोकळ्या खेळाचा अर्धा तास रद्द, त्या जागी लेखनसराव. वाळूचा हौद बुजवणार आणि वर हिरवं प्लास्टिकचं गवत अंथरणार. का, तर वाळूनं गणवेश मळतो आणि गॅदरिंगच्या फोटोत गवत चांगलं दिसतं. फोटोसाठी पोरांची वाळू काढून घ्यायची! सभेत कुणी हूं की चूं केलं नाही. उलट माना डोलल्या. एका बापानं उठून सुट्टीसाठी जादा वर्कशीट मागितल्या. मी बोलायला उभा राहिलो, तर "वैयक्तिक विषय नंतर" म्हणून खाली बसवलं. हा वैयक्तिक विषय आहे?

मी हायस्कूलला पीटी शिकवतो. पोरांची शरीरं रोज बघतो, म्हणून माझा तळतळाट होतो. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती सगळी कूर्चा, म्हणजे मऊ, लवचिक असतात, मग वर्षानुवर्षं एकेक हाड घट्ट होत जातं. शेवटचं तर आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान तयार होतं. चार वर्षांच्या त्या मनगटाकडून तुम्ही पानंच्या पानं रेघेत लिहून घेताय, आणि हात दुखला म्हणून पोर रडलं की "कंटाळा करते" असा शेरा! पेन्सिल धरायची ताकद आधी खांद्यात, मग दंडात, मग बोटांत येते. ती झाडाला लोंबकळून, माती मळून, दोरी ओढून, सागरगोटे झेलून येते. लाल शाईनं येत नाही.

आठवीच्या वर्गात काय दिसतं ते सांगू? लंगडी घालायला सांगितली की चौथ्या उडीला पोर खाली. चेंडू फेकला की झेलायच्या आधी डोळे मिटतात. कोलांटी मारताना मान कुठं वळवायची ते माहीत नाही. हरलं की मैदान सोडून जातात, मुसमुसतात, आईचा फोन येतो. लगोरी, आट्यापाट्या, डबा ऐसपैस, विटी-दांडू यातलं काहीही न खेळता ही पोरं माझ्यापर्यंत पोचतात आणि मग माझ्याकडून तालुक्याला कबड्डीची टीम काढायची अपेक्षा. त्यात परीक्षा जवळ आली की गणिताचे सर दारात हजर, "पोर्शन राहिलाय, आजचा तास द्या." माझा तास म्हणजे फुकटची जागा! आणि जे पालक सहावी-सातवीत "मैदानावर नको, ऊन लागतं" म्हणून चिठ्ठ्या पाठवतात, तेच दहावीला क्रीडागुणांसाठी प्रमाणपत्र मागायला येतात.

आणि हा काही माझा एकट्याचा हट्ट नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा धरलाय आणि त्यात खेळातून शिकणं असं स्पष्ट लिहिलंय. २०२२ ला या टप्प्याचा वेगळा अभ्यासक्रम आराखडा आला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात पहिलीपासूनच्या शाळेला मैदान हवं, खेळाचं साहित्य हवं, असं परिशिष्टातच आहे. जागतिक आरोग्य संघटना २०१९ मध्ये सांगते, तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात मिळून १८० मिनिटं हालचाल व्हावी, त्यातली निदान ६० मिनिटं चांगली दम लागेल अशी. आपल्याकडं पोर सकाळी रिक्षात कोंबलेलं, शाळेत बेंचवर, दुपारी झोप, संध्याकाळी ट्यूशन. केजीच्या पोराला ट्यूशन!

दूरचं कशाला, आपल्याच महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ ला बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, १९५७ ला कोसबाडला गेल्या. आदिवासी पाड्यांवरच्या लेकरांसाठी महागडी साधनं नव्हती, तर बिया, शिंपले, पानं, माती घेऊन बालवाडी उभी केली. त्या बायांनी चिखलात बसून जे करून दाखवलं, ते तुम्ही एसी वर्ग आणि स्मार्ट बोर्ड लावून पुसून टाकताय.

शाळेचं सोडा, घरी तरी काय? साताऱ्यात कुठल्याही नव्या कॉलनीत जाऊन बघा. नकाशात 'ओपन स्पेस' असतो. प्रत्यक्षात तिथं मंडळाची शेड, नाहीतर पेव्हर ब्लॉक, नाहीतर मोठ्यांसाठीची ओपन जिमची मशिनं. पोरांना माती म्हणून उरलीच नाही. आमच्या बिल्डिंगखाली पोरींनी खडूनं जिबल्यांच्या चौकटी काढल्या, तर दुसऱ्या दिवशी वॉचमनला पाणी मारून धुवायला लावलं. मोठी माणसं मॅरेथॉनला यवतेश्वरचा घाट चढणार, मेडल गळ्यात घालून फोटो टाकणार, आणि पोर जिन्यावरून पळालं की "पडशील, बस खाली, हा घे मोबाईल." पडू दे की! गुडघा फुटल्याशिवाय कुठवर उडी मारायची याचा अंदाज येतो का?

खाशाबा जाधवांच्या फोटोला मात्र सगळे हार घालणार. कराडजवळच्या गोळेश्वरचा माणूस, १९५२ ला हेलसिंकीत कांस्य मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जिल्ह्याला केवढा अभिमान! आणि त्याच जिल्ह्यात लेकराच्या कपड्याला माती लागली तर आईबापाला लाज वाटते.

काही जण म्हणतील, आम्ही पाचव्या वर्षीच क्रिकेटच्या क्लासला घातलंय. किट घेतलंय, कोच आहे. चांगलं आहे, पण तो खेळ मोठ्यांचा आहे. कुठं उभं राहायचं, कधी पळायचं, कोण आउट, सगळं कोच ठरवतो. शिट्टी मीही मारतो, मला फरक कळतो. पोरांनी स्वतः नियम करायचे, त्यावरून भांडायचं, लहानग्याला कच्चं लिंबू म्हणून सामावून घ्यायचं, कंटाळा आला की नवीन काढायचं, हे कुठल्याही क्लासमध्ये पैसे भरून मिळत नाही. त्याला फक्त वेळ लागतो, जागा लागते आणि मोठ्यांनी लांब बसावं लागतं.

सोसायटीच्या रविवारच्या मीटिंगला पार्किंगचे जादा पट्टे मारायचा विषय आहे. मागच्या बाजूची जी एकच मातीची जागा उरलीय, तिथं. सेक्रेटरींनी आत्ताच लिहून घ्यावं, माझा विरोध आहे. गाड्या रस्त्यावर लावा, नाहीतर डोक्यावर घ्या. ती जागा पोरांची आहे आणि तसा ठराव झाल्याशिवाय मी मीटिंग संपू देणार नाही.