ब्रेक तर लागतोय!

डोळ्यांची आग थांबली, पण चष्म्याच्या डाव्या काचेवरचा धुरकट डाग काही जात नाही. ब्रेक ऑइल गाडीचा रंग खातं हे ठाऊक होतं. चष्म्याचं कोटिंगही खातं, हे काकांच्या कृपेनं कळलं.

गाडी १९७३ ची प्रीमियर प्रेसिडेंट. पुढच्याच वर्षी तिचं नाव पद्मिनी झालं, त्यामुळे इंदूरच्या आमच्या राजेंद्रनगरात मी सोडून सगळे तिला पद्मिनीच म्हणतात. साठी उलटलेले नुसतं फियाट म्हणतात. कुठून आणली, टो करताना काय झालं, घरात कोण किती दिवस बोललं नाही, ते सोडा. जुनी गाडी दारात आली की लोक आधी इंजिन सुरू करायला धावतात. मी ब्रेक आधी धरले. जी थांबणार नाही ती सुरू करून घालवायची कुठे?

चारही चाकांना ड्रम ब्रेक. आतल्या व्हील सिलेंडरची रबरं गाडी उभी राहून राहून फुगलेली, पिस्टन गंजून बसलेले. नवीन किट टाकले. राहिली हवा काढायची. हे काम दोघांचं. वरच्यानं पेडल दाबून धरायचं, खालच्यानं चाकामागचा निपल, म्हणजे हवा काढायचा स्क्रू, अर्धा आटा सैल करायचा, हवा आणि जुनं ऑइल बाहेर आलं की निपल घट्ट, आणि मगच वरच्यानं पाय उचलायचा. वरचा म्हणजे आमचे चिरंजीव. ते मित्रांबरोबर पोहे-जिलबीला गेलेले, आणि इंदुरात रविवारी पोह्यांना गेलेल्या माणसाची वाट बघत बसू नये.

म्हणून मी एकटाच गाडीखाली शिरलो. गंजलेला निपल निदान सुटतोय का तेवढं बघू, ओढून तोडायला नको. बाहेर फक्त माझे पाय होते. थोड्या वेळानं त्या पायांशी कुणीतरी बोलायला लागलं.

"काय करून राहिला रे?"

समोरच्या घरातले काका. बँकेतून रिटायर, हातात दुधाची पिशवी.

"ब्रेकचं काम, काका."

"केवढ्याला घेतली?"

मी निम्मी किंमत सांगितली. घरीही तीच सांगितली आहे.

"फसवलं तुला." पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचा आवाज आला. "माझं ऐक. ह्यात मारुतीचं इंजिन टाक. आमच्या साडूनं टाकलं होतं. वरून सीएनजी."

"काका, तिचं मूळचं १०८९ सीसीचं इंजिन आहे. तेच ठेवायचंय."

"तेच तर सांगतोय. मूळचं आहे म्हणजे जुनं आहे."

यावर गाडीखालून काय बोलणार? मी नियमाचा आधार घेतला. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नव्या नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षं.

"मग रोज चालवता येईल?"

"रोज नाही. प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला आणि पेट्रोल भरायला."

काका बराच वेळ गप्प. हिशेब चालू असावा. "म्हणजे पेट्रोल भरायला चालवायची, आणि चालवायला पेट्रोल भरायचं. त्यासाठी वीस हजार! अरे, एफडी कर."

मग ते होळकरांवर आले. आपल्या महाराजांकडे बघ काय गाड्या होत्या! होत्याच. यशवंतराव होळकरांची १९३५ ची ड्यूसेनबर्ग, भगवी आणि काळी, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची. आज जगभरचे शौकीन तिचे फोटो बघून सुस्कारे टाकतात. पण त्यांच्या माणिकबाग महालाच्या फाटकात दुधाची पिशवी घेऊन कुणी महाराजांना "अ‍ॅव्हरेज काय पडतं?" असं विचारलं नसणार. आता तर त्या महालातच टॅक्सवाल्यांचं ऑफिस आहे.

तेवढ्यात गाणं वाजवत कचरागाडी आली. आमच्या शहराचा स्वच्छतेत पहिला नंबर, कचरा सहा प्रकारांत वेगळा करावा लागतो. मागचा पोरगा उतरला, त्यानं माझे पाय पाहिले, गाडी पाहिली आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "भिया, ये सूखे में जाएगी कि खतरनाक वाले में?"

काका इतके हसले की त्यांना बसावं लागलं. बसले ते सरळ ड्रायव्हर सीटवर. "आमच्या मामांकडे सेम होती रे, गिअर असाच स्टिअरिंगला! आठ जण ओंकारेश्वरला गेलो होतो!" आणि मामांच्या आठवणीत त्यांनी पेडल दाबलं. नेमका त्याच क्षणी निपल सुटला होता. कोऱ्या चहाच्या रंगाचं ते ऑइल, किती वर्षं नळीत कोंडलेलं देव जाणे, माझ्या चष्म्यावर, भुवईत आणि तोंडात.

मी बाहेर येऊन नळाखाली डोकं धरलं, तर मागून आवाज, "ब्रेक तर लागतोय!"

मला ऑइलचा राग नाही. चष्म्याचाही पुढच्या महिन्यात जाईल. राग वेगळाच आहे. काकांना विचारलं, मामांच्या फियाटचं काय झालं? "भंगारवाल्याला दिली," म्हणाले, "किलोवर. चांगला भाव आला." फाटकाशी थांबणारा प्रत्येक जण हेच सांगतो. कुणाच्या वडिलांची होती, कुणाच्या सासऱ्यांची होती, सगळ्यांनी किलोवर काढली, आणि आता सगळे मला शिकवतात. तिकडे मी मास्टर सिलेंडरच्या किटसाठी दुकानांच्या पायऱ्या झिजवतोय. काउंटरवरचा पोरगा "मॉडेल कौन-सा?" विचारतो, मी सांगतो, तो आतल्या म्हाताऱ्याकडे बघतो, म्हातारा नुसता हसतो. कानानं टायमिंग लावणारे मिस्त्री गेले. त्यांची पोरं बॉनेट उघडून स्कॅनरचं सॉकेट शोधतात. तुम्हीच ती माणसं आणि ते पार्ट भंगारात घातलेत ना? मग निदान खाली पडलेल्या माणसाला विचारून तरी पेडल दाबा.

काल किराणा आणायला गेलो. दुकानदार म्हणाला, "काका बता रहे थे, आपकी गाड़ी का ब्रेक उन्होंने ठीक कर दिया. मेरी स्कूटर का भी देख लेंगे क्या?"

मी त्याला काकांचा नंबर दिला.