एमसीबी शॉकपासून वाचवत नाही

तुमचा एमसीबीवरचा (म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या मिनिएचर सर्किट ब्रेकरवरचा) लेख छान, पण त्यातलं ‘एमसीबी बसवला की शॉकची भीती संपली’ हे वाक्य कृपया दुरुस्त करा. ह्यूगो स्टॉट्झ यांनी 1924 मध्ये जर्मनीत एमसीबीचं पेटंट घेतलं, ते वायर जळू नये म्हणून. जास्त लोड झाला की आतली द्विधातू पट्टी तापून वाकते, शॉर्ट सर्किट झालं की कॉइल झटक्यात खटका पाडते. दोन्ही कामं वायरसाठी, माणसासाठी नव्हे.

हिशेबच बघा ना. 230 व्होल्ट, शरीराचा रोध साधारण 1000 ओहम धरला तर अंगातून जाणार 0.23 अँपिअर. माणूस दगावायला तेवढा पुरे, पण 16 अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही!

माणसासाठी हवा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती ओळखून पडणारा ब्रेकर. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा एकाच लोखंडी कड्यातून जातात. गेलेला करंट पूर्ण परत आला नाही, म्हणजे काही माणसाच्या अंगातून जमिनीत गेला, की तो फरक ओळखला जातो; फरक 30 मिलिअँपिअर (0.03 अँपिअर) झाला की पुरवठा तुटतोच. अमेरिकेत प्रा. चार्ल्स डालझिएल यांनी 1961 मध्ये याच तत्त्वावर 5 मिलिअँपिअरचं उपकरण बनवलं.

आमच्याकडे पावसाळ्यात गिझरमुळे आरसीसीबी सारखा पडायचा, तर वायरमन म्हणाला, ‘काढून टाकू, डोकेदुखी जाईल.’ धन्य! किटकॅटमध्ये (चिनी मातीच्या जुन्या फ्यूजमध्ये) बारीक फ्यूज तारेऐवजी तांब्याची जाड तार भरणारे हेच. गिझरचं एलिमेंट लीक होतं, ते बदललं. आणि हो, आरसीसीबीवरचं ‘टी’ (टेस्ट) बटण अधूनमधून दाबून बघत जा.