गोटी बरणीत टाकायची, काढायची नाही

‘वर्ग नीट वागला की बरणीत गोटी, बरणी भरली की सगळ्यांना जास्तीचा खेळाचा तास: ही लाच आहे. मुलांची आतली ओढ मरते, एकाच्या खोडीची शिक्षा सगळ्यांना होते आणि बक्षीस थांबलं की गोंधळ परत येतो.’ शिक्षक-पालकांत हा मजकूर सतत फिरत असतो.

लाच देतात ती गैर काम करून घ्यायला. दुसऱ्याचं बोलणं पुरं होऊ देण्यात गैर काय?

‘आतली ओढ’ या मुद्द्याला आधार असतो लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांच्या १९७३ च्या प्रयोगाचा. चित्रं काढायला मुळातच आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना आधीच प्रशस्तिपत्र कबूल केलं, तर पुढे त्यांचं आपणहून रंगवणं कमी झालं. खरं आहे. पण ज्यांना ते न सांगता मिळालं त्यांची आवड घटली नाही, हे मजकुरात गळतं. आणि गणिताच्या तासाला जागेवर बसायची ओढ मुळात असेल, तर मरेल ना!

अन्यायाचा मुद्दा मात्र वजनदार आहे. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये चौथीच्या २४ मुलांचे दोन गट करून बरणीसारखाच, सगळ्या गटाला मिळून बक्षीस देणारा ‘गुड बिहेवियर गेम’ हा खेळ झाला. विचारल्याशिवाय बोललं, जागा सोडली, की गटाच्या नावापुढे फळ्यावर खूण. खुणा मोजक्याच असतील तर दोन्ही गट जिंकत. दोन मुलं मुद्दाम नियम मोडू लागली, तेव्हा त्यांना गटातून वेगळं काढलं, बाकीच्यांना भुर्दंड नाही. म्हणजे या आक्षेपावरची वाट पहिल्याच प्रयोगात निघाली होती. मुलं एकावर तुटून पडतात ती बहुतेकदा आपण मिळालेली गोटी काढून घेतो तेव्हा, किंवा ‘याच्यामुळे हुकली’ असं बोलून जातो तेव्हा. हा दोष आपला, बरणीचा नव्हे.

राहिलं ‘थांबलं की संपलं’. त्या वर्गात खेळ थांबवल्यावर गोंधळ परतला, हे खरंच. पण अमेरिकेतल्याच बाल्टिमोर शहरात १९८० च्या दशकात पहिलीपासून दोन वर्षं हाच खेळ चालला. लहानपणी आक्रमक असलेल्या मुलग्यांमध्ये विशी गाठेपर्यंत अमली पदार्थांच्या समस्या खेळ न मिळालेल्यांपेक्षा कमी आढळल्या. तेव्हा बरणी एकदम उचलू नका. आधी रोज, मग आठवड्याने, मग न सांगता कधीतरी.