दीर दुभाषा नसतो

सकाळपासून डोकं फिरलंय. एक गोंड बाई आली, हातात डीआयआर, म्हणजे कौटुंबिक घटना अहवाल. मारहाणीच्या रकान्यात दोन शब्द: 'किरकोळ वाद'. तिला मराठी जेमतेम. मग सांगितलं कोणी? सोबत आलेल्या दिराने! आणि लिहून घेणाऱ्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

बख्त बुलंद शाहाने, एका गोंड राजाने वसवलेलं हे नागपूर. इथे गोंड बाईचं म्हणणं समजून घ्यायला दिराशिवाय माणूस मिळत नाही. काय म्हणावं बाप्पा!

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातल्या कलम २३ खाली मॅजिस्ट्रेट नवरा हजर नसतानाही तातडीचा आदेश देऊ शकतात. पण कागदावरच 'किरकोळ वाद' असेल तर त्यांना तातडी दिसणार कुठून?

संस्थेत नव्या पोरी आल्या की पहिलं हेच शिकवते. आधी सोबतचा माणूस बाहेर. सासू बाहेर, नणंद बाहेर, आठ वर्षांची लेकही बाहेर, कारण घरी गेल्यावर तिच्याकडूनच सगळं काढून घेतात. दुभाषी बाईच हवी, तीही तिच्या गावची नको. तारीख विचारू नका. मोहफुलं वेचताना की तेंदूपत्त्याच्या दिवसांत, पोळ्याआधी की नंतर, असं विचारलं की महिना बरोबर निघतो. कशाने मारलं, कुठे लागलं, तिच्याच शब्दांत लिहा आणि अंगठा घेण्याआधी तिच्या भाषेत वाचून दाखवा.

फोटोंचं तर विचारूच नका. सावळ्या अंगावरचे वळ ट्यूबलाइटखाली दिसत नाहीत, डॉक्टर 'बाह्य जखम नाही' लिहून मोकळे होतात. फोटो दिवसाउजेडी काढा, थोडा बाजूने, शेजारी मोजपट्टी ठेवून. दोन दिवसांनी पुन्हा काढा, काळंनिळं उशिरा उमटतं.

मान्य, हे अहवाल लिहून घेणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्यांच्या टेबलावर केसेसचा ढीग असतो. गोंडीही भागाभागात बदलते. पण म्हणून दीर?

आता कोणीतरी लिहीलच, आदिवासींत बाईला मान असतो, काडीमोड सोपा असतो. असेल बुवा. हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना सरसकट लागू नाही, तेवढ्यावरून काही वकीलसुद्धा 'पंचायतीत मिटवा' म्हणून बाईला परत पाठवतात. साफ चूक. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा जात, जमात, धर्म बघत नाही. गावाहून निघून नागपुरात तात्पुरती राहत असेल तरी अर्ज इथेच होतो. विधी सेवा प्राधिकरणाचा वकील बाईला फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

सकाळी चहा नको म्हणाली होती. दीर पान खायला गेटबाहेर गेला, तशी दोन कप प्यायली. मग आमच्या गोंडी येणाऱ्या कार्यकर्तीशी दीड तास बोलत होती. 'किरकोळ वादा'ची चार पानं भरली.

उद्या अकराला ती पानं घेऊन पुन्हा जायचंय. दीर येईलच. त्याला टपरीवर बसवून ठेवायला कोणी मोकळं आहे का? चहाचे पैसे माझे.