पालकहो, दाराबाहेर थांबा ना!

नाशिकला गंगापूर रोडवर लहान मुलांचं नाट्यशिबिर घेते. दर सुट्टीत पहिल्याच दिवशी तोच प्रश्न. "मॅडम, शेवटी नाटक बसवणार ना? कालिदास नाट्यगृहात होईल का? आमच्या पिल्लूला मोठा रोल द्या हं!"

अहो, पोर पाच वर्षांचं आहे! पाठ केलेली वाक्यं हातवारे करत म्हणणं म्हणजे नाटक नव्हे. आम्ही गोष्ट अर्ध्यावर थांबवतो, "आता पुढं काय?" विचारतो. मग कुणी गोदावरीतला मासा होतं, कुणी रामकुंडाची पायरी. परवा एक अबोल मुलगी पायरी झाली आणि हळूच म्हणाली, "माझ्यावर पाय नका ठेवू, मी ओली आहे." सगळी पोरं कान देऊन ऐकत होती. तेवढ्यात दारातून आई, "अगं मोठ्यानं बोल! इकडे बघ, व्हिडिओ काढतेय!"

संपलं. नंतर तिनं तोंडच उघडलं नाही.

सुधा करमरकरांनी मुंबईत लिटल थिएटर ही मुलांच्या नाटकांची संस्था काढली १९५९ साली. आणि आपण अजून कुणाचं पोर मधोमध उभं राहणार यावरच भांडतोय!

तासभर कॉलेज रोडला चहा पिऊन या. आणि घरी नेताना "काय शिकलीस, म्हणून दाखव" एवढं तरी नका हो विचारू!