आजोबांच्या वेळेत आजीचा वेळ धरलाय का?

एक संदेश फिरतोय, तुम्हालाही आला असेल. थोडक्यात असा: ‘आजोबा दिवसाचे बारा तास राबायचे, तरी त्यांच्याकडे सगळ्यांसाठी वेळ होता. आजच्या पिढीला आठच तास काम, घरात यंत्रं, तरी यांना वेळ नाही. पोरांशी बोलायलाही नाही, कारण सगळा मोबाइलने खाल्ला.’ खाली जोडलेले हात. मला तो चार जणांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी भर कामाच्या वेळात. असो.

‘बारा तास राबायचे.’ राबायचे, यात वाद नाही. औद्योगिक देशांत १८७० च्या सुमाराला कामगाराचे वर्षाचे तास तीन हजारांच्या आसपास भरत. आज जर्मनीत हा आकडा साडेतेराशेच्या आत आहे. पण ही घट नातवंडांच्या आळसातून आलेली नाही. दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९१९ मध्ये आपल्या पहिल्याच करारात घातली, आणि त्यामागे कित्येक वर्षांचे संप होते. म्हणजे आठ तास मागितले ते बारा तास राबणाऱ्यांनीच.

शिवाय ‘पूर्वी’ म्हणजे कधी? हान्स-योआखिम फोथ या इतिहासकाराने लंडनच्या न्यायालयातल्या जुन्या साक्षी वाचून काढल्या. साक्षीदार सांगतो की चोरी झाली तेव्हा मी अमुक करत होतो. अशा शेकडो साक्षी जुळवल्या की त्या काळचा दिवस उभा राहतो. १७५० च्या सुमाराला सोमवारी कामावर असलेले लोक त्यात फार कमी सापडतात. त्या सुट्टीला लोक गमतीने ‘संत सोमवार’ म्हणत. १८०० पर्यंत तो संत गेला आणि सोमवार कामाचा झाला. तिथले नातू आजोबांपेक्षा जास्त राबले.

‘तरी सगळ्यांसाठी वेळ होता.’ इथे मला संदेश लिहिणाऱ्याचं गणितच कळत नाही. बारा तास काम, जाणं-येणं, झोप, जेवण, अंघोळ; उरलं काय? आपल्याला आठवणारे आजोबा बहुतेक निवृत्त झालेले किंवा त्या बेतात असलेले असतात. राबणारे आजोबा आणि गोष्ट सांगणारे आजोबा हे एकाच माणसाचे दोन वयांतले फोटो आहेत, आणि संदेशात ते एकावर एक चिकटवलेत. तुलना करायची तर पंचविशीतल्या आजोबांची पंचविशीतल्या नातवाशी करा. पंचविशीतल्या आजोबांना पाहिलेलं आज घरात कुणी नसतं, त्यामुळे ही तुलना कुणी करतही नाही.

‘घरात यंत्रं आली, काम निम्मं झालं.’ या मुद्द्यावर जरा थांबतो, कारण खरी मेख इथेच आहे. जोअन व्हॅनेक यांनी १९७४ मध्ये अमेरिकेतल्या जुन्या वेळनोंदी तपासल्या. नोकरी न करणाऱ्या गृहिणीचं घरकाम १९२० च्या दशकात आठवड्याला सुमारे ५२ तास होतं आणि १९६० च्या दशकात ५५. मधल्या काळात नळ, वीज, धुलाईयंत्र, फ्रीज, सगळं येऊन गेलं होतं. मग वाचलेला वेळ गेला कुठे? कपडे धुणं सोपं झालं तसे कपडे जास्त वेळा धुतले जाऊ लागले. स्वच्छतेचा दंडक वाढला. हाताखालची माणसं कमी झाली आणि त्यांचं कामही तिच्याच अंगावर आलं. बायका मोठ्या संख्येने नोकरीला लागल्या तेव्हा कुठे हे तास खाली आले आणि पुरुषांचे थोडे वर गेले.

थोडेच. भारताच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रीची सरासरी दिवसाला २८९ मिनिटं निघाली, पुरुषाची ८८. ही सरासरी फक्त घरकाम करणाऱ्यांची आहे. ज्यांनी त्या दिवशी कशालाच हात लावला नाही ते त्यात नाहीत. आता आजोबांची ती निवांत संध्याकाळ पुन्हा डोळ्यांसमोर आणा. त्या वेळी आजी कुठे होती? ती निवांत वेळ आजीच्या खात्यातून खर्च होत होती. संदेशात आजीचा उल्लेखच नाही, यात नवल ते काय.

‘पोरांशी बोलायला वेळ नाही.’ इथे आकडे सरळ उलटे आहेत. जूलिया दोत्ती सानी आणि ज्यूडिथ ट्रीस यांनी ११ पाश्चात्त्य देशांतल्या नोंदी पाहिल्या. १९६५ मध्ये आई मुलांच्या संगोपनावर दिवसाला सरासरी ५४ मिनिटं घालवायची, २०१२ मध्ये १०४. बाप १६ मिनिटांवरून ५९ वर आला. फ्रान्सच्या आया तेवढ्या अपवाद.

राहिला मोबाइल. यात तथ्य आहे, मान्य करतो. युरोपातल्या वेळ-वापराच्या पाहणीत दिवस दहा-दहा मिनिटांच्या ओळींत लिहायचा असतो: काय केलं, जोडीला आणखी काय, सोबत कोण. असा तक्ता मी एका रविवारी भरून पाहिला. ‘वेळच मिळत नाही’ म्हणणाऱ्या माझ्या त्या दिवसात मोकळा वेळ साडेपाच तास निघाला, पण सलग अर्धा तास एकदाच. बाकी सगळा चुरा. मशीन थांबेपर्यंत फोन, बातमी अर्धी सोडून दार, परत फोन. जुनी फुरसत बहुधा सलग असायची. तासांची बेरीज केली की हा फरक त्यात बुडून जातो.

आणि ‘सोबत कोण’ या रकान्यात साडेपाचपैकी चार तासांपुढे ‘कुणी नाही’ लिहिलं होतं. शेजारच्या खोलीत तिघं होते. आपापल्या ओळी भरत.